वरून सोपं दिसणारं वळण आत शिरल्यावर आवळतं कसं?

तिरकी_नजर

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतीये, हसू नका. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर दोन वळणं आहेत. पहिलं एका लांबलचक उताराच्या तळाशी, म्हणजे उतार संपतो आणि लगेच पुढे चढ लागतो, आणि नेमका त्या खळग्यातच रस्ता डावीकडे वळतो. वरून येताना अख्खं वळण ताटात वाढल्यासारखं समोर दिसतं, ऐसपैस एकदम, ब्रेकवर पाय ठेवायची पण गरज नाही असं वाटतं. आणि आत शिरलं की दर वेळी, अक्षरशः दर वेळी, अर्ध्यात गेल्यावर कळतं की अरे हे तर आवळत चाललंय, मग स्टिअरिंग अजून फिरवा, ब्रेक दाबा, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली धाडकन दारावर, बायको माझ्याकडे बघते, मी पुढे बघतो.

दुसरं वळण तिथून तीनेक किलोमीटरवर, चढाच्या माथ्यावर. तेही डावीकडेच. ते लांबून असं दिसतं की आता रस्ता काटकोनातच वळणार. मी गिअर उतरवतो, गाडी पार मुंगीच्या चालीवर आणतो आणि मग काहीच नाही, अलगद निघून जातं. मागचा हॉर्न मारतो तो वेगळाच.

तर प्रश्न असा की चूक रस्त्याची का माझ्या डोळ्यांची? चष्म्याचा नंबर नुकताच तपासलाय, त्यावर ढकलता येणार नाही. आणि वळण माहितीचं असूनही मी परत परत का फसतोय?

---

पाचवा_गिअर

डोळ्याबिळ्याचं काही नाही ओ. उतारावर गाडी सुटते, एवढंच. लांब उतार उतरताना स्पीड हळूहळू चढत जातो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही, कारण कान आणि अंग त्या स्पीडला सरावतात. हायवेवरून उतरून गल्लीत शिरलं की ५० पण रांगल्यासारखं वाटतं ना, तेच हे. वर चढताना उलट, गाडी स्वतःच दमलेली असते म्हणून माथ्यावरचं वळण सोपं जातं. पुढच्या वेळी त्या वळणाच्या तोंडाशी काट्यावर नजर टाका आणि इथे येऊन सांगा. मी पैज लावतो, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा १० तरी जास्त असेल.

---

डांबर_खडी

रस्त्यांच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं गेली आहेत म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पाचवा_गिअर म्हणतायत ते खरं आहे पण ते अर्धंच. डोळा फसतो, आणि फसण्याची दिशा पण ठरलेली असते. खळग्यातलं वळण आहे त्यापेक्षा सोपं दिसतं आणि माथ्यावरचं आहे त्यापेक्षा अवघड. तुमची दोन वळणं म्हणजे अगदी शिकवायला काढलेलं उदाहरण वाटावं अशी आहेत. ही कल्पना १९९४ च्या सुमारास स्मिथ आणि लॅम यांनी मांडली, आणि नंतर २००२-०३ च्या आसपास कॅनडातल्या काही संशोधकांनी (हसन, ईसा, सईद वगैरे मंडळी) कॉम्प्युटरवर रस्त्याची त्रिमिती दृश्यं बनवून ड्रायव्हर लोकांना दाखवली आणि विचारलं की कुठलं वळण जास्त तीव्र वाटतं. तिथे माणूस खुर्चीत बसलेला, गाडी नाही, उतारावर सुटणं नाही, इंजिनाचा आवाज नाही, तरी लोक फसलेच. म्हणजे सगळं स्पीडच्या डोक्यावर फोडता येत नाही.

आता का होतं ते. आपण नकाशात वळण वरून बघतो, पक्ष्यासारखं. गाडीत बसलो की डोळा रस्त्यापासून जेमतेम सव्वा मीटरवर असतो, म्हणजे आपण रस्ता जवळजवळ कडेनेच बघत असतो. सपाट रस्ता धरा. तुमच्या पुढे १०० मीटरपासून २०० मीटरपर्यंतचा जो शंभर मीटरचा पट्टा आहे तो तुमच्या नजरेत उभा किती मावतो माहितीये का? एका अंशाचा साधारण तिसरा हिस्सा. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश असतो. म्हणजे शंभर मीटर रस्ता चंद्राच्या उंचीत पण बसून वर जागा उरते. एवढ्याशा फटीत दाबलेल्या चित्रावरून मेंदू वळणाचा अंदाज बांधतो, त्यामुळे खरं तर आपण इतकं बरोबर चालवतो याचंच मला नवल वाटतं.

आता त्याच १०० मीटरपासून पुढे रस्ता ४ टक्क्यांनी वर चढतोय असं धरा. २०० मीटरवरचा रस्ता ४ मीटर वर गेला, आणि तो शंभर मीटरचा पट्टा आता नजरेत दीड अंश व्यापतो. तीन चंद्र. चौपटीच्या वर ताणला गेला. पण आडव्या दिशेत काहीच बदललं नाही, रस्ता डावीकडे जेवढा सरकतोय तेवढाच सरकतोय. उभं ताणलं आणि आडवं तेवढंच ठेवलं तर वळण कसं दिसणार? सरळसोट, ऐसपैस. तेच तुमचं ताटात वाढलेलं वळण.

माथ्यावर उलटं. पुढचा रस्ता खाली जायला लागतो, ती फट अजून चेपली जाते, आडवं सरकणं मात्र तेवढंच, म्हणून वाटतं आता काटकोनच आहे. आणि उतार जरा जास्त असला तर पुढचा रस्ता माथ्याआड गडपच होतो.

घरी करून बघायचं असेल तर एका जाड कागदावर वळणाऱ्या रस्त्याच्या दोन रेघा काढा, कागद डोळ्याच्या जरासा खाली आडवा धरा, एक डोळा मिटा आणि कागदाचा लांबचा भाग वर वाकवा. वळण उघडतं. लांबचा भाग खाली वाकवा, वळण आवळतं. रेघ तीच. मी नवीन पोरांना हेच करायला लावतो, सॉफ्टवेअर नंतर.

---

तिरकी_नजर

वा, कागदाचा प्रयोग केला आत्ताच, मुलाच्या चित्रकलेच्या वहीवर. बायको म्हणाली काय चाललंय. पण खरंच होतं ते!

एक शंका राहते, कदाचित माझी दोन वळणं मुळातच वेगळी असतील, पहिलं खरंच जास्त तीव्र असेल? उपग्रहाच्या नकाशावर मोजता येतं का काही?

---

डांबर_खडी

येतं की. वळणाच्या गोलाईचा जो मधला भाग आहे त्यावर रस्त्याच्या मधल्या रेषेवर दोन बिंदू घ्या, त्यांच्यातलं सरळ अंतर मोजा, मग त्या सरळ रेषेच्या मध्यापासून रस्ता किती बाहेर फुगलाय ते मोजा. सरळ अंतराचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, अधिक फुगवट्याचा अर्धा. आली त्रिज्या. नकाशावर मोजताना मीटर-अर्धा मीटर इकडेतिकडे होणारच, तेवढं चालवून घ्या.

---

सोळा_चाकी

मी ट्रक चालवतो, पुस्तकी काय माहीत नाही, पण हे उताराच्या बुडाचं वळण म्हणजे काय ते आम्हाला विचारा. आमची सीट उंच असते, कारवाल्यापेक्षा दुप्पट उंचीवरून बघतो म्हणा, म्हणून आम्हाला वळण जरा खरं दिसतं असं मला वाटतं. पण त्याचा उपयोग काय, आमची भरलेली गाडी घसरायच्या आधी कलंडते. कारवाल्याची बाटली पडते, आमचा माल पडतो.

अजून एक सांगतो जे कोणी लिहिलं नाही. खांब आणि झाडं. एकदा रात्री पावसात मी एका रस्त्यावर होतो, नवीन रस्ता माझ्यासाठी. बाजूने विजेच्या खांबांची ओळ चालली होती आणि तिच्या आधाराने मी चाललो होतो, पट्टे दिसतच नव्हते. खांब गेले सरळ आणि रस्ता वळला उजवीकडे. जुना रस्ता सरळ जायचा, नवीन वळवला आणि खांब तसेच ठेवले, असं नंतर कळलं. दोन चाकं खाली उतरली साइडपट्टीवरून, देवाने राखलं. तेव्हापासून रात्री मी खांबावर विश्वास ठेवत नाही. झाडांच्या दोन रांगांमध्ये समोर मोकळं आभाळ दिसलं की डोक्याला वाटतं रस्ता तिकडेच चाललाय. तिकडे नसतो कधी कधी.

आणि हेडलाइट सरळच जातो हे पण ध्यानात घ्या. गाडी वळायला लागते तेव्हा उजेड वळणाच्या बाहेरच्या बाजूला पडलेला असतो, आपल्याला जायचंय तिकडे अंधार.

---

दुचाकी_ताई

सोळा_चाकी दादा, खांबांचं अगदी पटलं, मला एकदा कठड्याने असंच फसवलंय.

आम्ही बाइकवाले लोक एक युक्ती वापरतो ती इथे सांगते, वळण कसं दिसतंय यावर फार विसंबायचं नाही, ते कसं बदलतंय ते बघायचं. रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडा लांबवर जिथे एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात तो बिंदू पकडायचा. तुम्ही पुढे जाताय आणि तो बिंदू पण तुमच्यासारखाच पुढे पळतोय, म्हणजे बरोबरीने चाललाय, तर तुमचा स्पीड ठीक आहे. तो जागेवर थांबल्यासारखा झाला आणि तुम्ही त्याच्या जवळ जवळ चाललात तर वळण आवळतंय, स्पीड कमी करा, आत्ताच. तो लांब पळायला लागला की वळण उघडतंय, हळूहळू थ्रॉटल द्या. ब्रिटनमध्ये पोलिस ड्रायव्हरांच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात. माथ्यावर तर हे फारच कामाचं आहे कारण तिथे तेवढाच एक बिंदू हातात असतो.

फक्त तिरकी_नजर यांच्या खळग्यात याचा उपयोग कमी, हे पण कबूल करते. तिथे अख्खं वळण आधीच दिसतं, बिंदू कुठे लपतच नाही, म्हणून तो पळतोय की थांबलाय हे बघायची वेळच येत नाही आणि आपण निर्धास्त. जास्त दिसतं म्हणून जास्त फसतो!

---

पाचवा_गिअर

पण ताई, नजर वळणाच्या आतल्या कडेवर ठेवायची असते ना? मी तर असं वाचलं होतं की चांगले ड्रायव्हर तिकडेच बघतात.

---

दुचाकी_ताई

तुम्ही म्हणताय ते लँड आणि ली यांचं १९९४ चं काम असणार. त्यांनी ड्रायव्हरच्या डोळ्यांची हालचाल रेकॉर्ड केली आणि दिसलं की स्टिअरिंग फिरवायच्या एक-दोन सेकंद आधी नजर वळणाच्या आतल्या कडेवर, जिथे ती कड सर्वात जास्त आत आलेली दिसते तिथे जाते. नंतर बऱ्याच जणांनी म्हटलं की नाही, माणूस आपल्याला जिथून जायचंय तिथे बघतो आणि ते दोन्ही बिंदू जवळजवळ असल्यामुळे गल्लत होते. भांडण अजून चालू आहे. बाइकवर मी तरी जायचंय तिकडेच बघते, कारण खड्ड्याकडे बघितलं की बाइक खड्ड्यातच जाते हा स्वतःचा अनुभव आहे.

---

तिरकी_नजर

मोजलं!! शनिवारी नकाशावर बसलो आणि रविवारी गाडी घेऊन गेलो.

खळग्यातलं वळण: सरळ अंतर ८० मीटर, फुगवटा ६ मीटर, त्रिज्या आली साधारण १३६ मीटर. माथ्यावरचं: तेच ८० मीटर घेतलं, फुगवटा साडेपाच, त्रिज्या १४८. म्हणजे दोघं सख्खे भाऊच. आणि मला एक ऐसपैस दिसतं आणि दुसरं काटकोन. कमाल आहे राव.

आता पाचवा_गिअर, तुम्ही पैज जिंकलात. मला वाटत होतं मी ६० ने शिरतो. काटा ७२ दाखवत होता. माथ्यावर ४० ला आलो होतो. त्यामुळे आता मला कळत नाहीये की दोष डोळ्याला द्यायचा का काट्याला.

---

डांबर_खडी

दोघांनाही, आणि थोडा आम्हालाही.

हिशोब बघा. वळणावर गाडीला आत ओढणारं बल दोन गोष्टींतून येतं, रस्त्याचा आतल्या बाजूला दिलेला तिरपेपणा आणि टायरची पकड. डिझाइन करताना तिरपेपणा ७ टक्के आणि पकड ०.१५, म्हणजे गाडीच्या वजनाच्या १५ टक्के, धरली (टायर याहून पुष्कळ जास्त देऊ शकतो, पण ०.१५ च्या पुढे माणसाला अंगावर जाणवायला लागतं आणि ओल्या रस्त्यासाठी काहीतरी हातात ठेवावं लागतं) तर १३६ मीटरला वेग येतो ताशी ६१-६२ किमी. १४८ मीटरला ६४. दोन्हींत तीनचाही फरक नाही. तुमच्या रस्त्याला तिरपेपणा खरंच ७ आहे की नाही ते मला इथून दिसत नाही, नसेल तर आकडे अजून खाली येतील.

आता तुम्ही ६० समजून ७२ ने जाताय. वेगाचा वर्ग होतो इथे. ७२ भागिले ६० म्हणजे १.२, त्याचा वर्ग १.४४. तुमच्या अंदाजापेक्षा ४४ टक्के जास्त जोर बाहेरच्या बाजूला. बाटली दारावर जाणारच.

आणि "अर्ध्यात गेल्यावर आवळतं" हे जे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत त्याबद्दल. सरळ रस्ता आणि गोलाई यांच्यामध्ये आम्ही एक जोडवळण टाकतो, त्यात वक्रता शून्यापासून हळूहळू वाढत जाते, म्हणजे स्टिअरिंग एकदम न फिरवता सावकाश फिरवता येतं. चांगली गोष्ट आहे. पण ते गरजेपेक्षा लांब झालं तर ड्रायव्हर सुरुवातीच्या सौम्य भागावरून अख्ख्या वळणाचा अंदाज बांधतो, वाटतं हे असंच आहे, आणि खरी गोलाई पुढे दबा धरून बसलेली असते. खळगा आणि लांब जोडवळण एकत्र आले तर मग विचारूच नका. त्याहून वाईट म्हणजे एका गोलाईला लागून त्याच दिशेची दुसरी, कमी त्रिज्येची गोलाई. जमीन मिळाली नाही, मध्ये ओढा आला, अशा कारणांनी होतं हे, मुद्दाम कोणी करत नाही.

रस्ते बांधायच्या नियमांत हे सगळं लिहिलेलं असतं बरं का. अमेरिकेतल्या डिझाइनच्या नियमावलीत सरळ म्हटलंय की मोठ्या उताराच्या तळाशी किंवा खोल खळग्यात तीव्र वळण देऊ नये, आणि टोकदार माथ्यावर पण देऊ नये. माथ्यावरचं का, तर ते अवघड दिसतं म्हणून नव्हे, रात्री ते दिसतच नाही म्हणून, उजेड आभाळात जातो. त्यामुळे तुमच्या माथ्यावरच्या वळणाला निरुपद्रवी समजू नका, दिवसा घाबरवतं तेच बरंय.

अजून एक मोजमाप आहे, जर्मनीतल्या लॅम यांच्या नावाने ओळखलं जातं, वर ज्यांचं नाव आलं तेच. लागोपाठच्या दोन तुकड्यांवर लोक प्रत्यक्षात ज्या वेगाने जातात (शंभरातले ८५ जण ज्या वेगाच्या आत असतात तो वेग धरतात) त्यात १० किमीपर्यंत फरक असेल तर चांगलं, १० ते २० चालवून घ्यायचं, २० च्या वर म्हणजे डिझाइन वाईट. लांब सरळ उतारावर लोक ८५-९० ने येत असतील आणि वळण ६२ चं, तर तुम्हीच ठरवा कुठल्या खान्यात बसतं.

---

सोळा_चाकी

साहेब मग रस्ता तोडून परत बांधणार का? नाही ना. मग करायचं काय ते सांगा.

---

डांबर_खडी

तोडायला पैसे कोण देणार. पण डोळ्याने फसवलंय तर डोळ्यालाच दुरुस्त करायचं, ते स्वस्तात होतं. वळणाच्या बाहेरच्या कडेला काळे-पिवळे बाणांचे बोर्ड, एक-दोन नाही, एका वेळी निदान तीन तरी नजरेत राहतील इतक्या अंतराने, कारण एका बाणाने फक्त वळण आहे एवढंच कळतं, तीन दिसले की वळण किती आहे ते कळतं. खांबांची ओळ रस्ता सोडून सरळ जाते तिथे समोर झाडी लावून ती मोकळी फट बुजवायची. कडेचे पट्टे ठळक.

आणि एक गमतीदार उपाय आहे, रस्त्यावर आडवे पट्टे, आणि वळणाकडे जाताना पट्ट्यांतलं अंतर कमी कमी करत जायचं. स्पीड तोच असला तरी पट्टे भराभर मागे पळायला लागतात, माणसाला वाटतं आपला स्पीड वाढतोय आणि पाय आपोआप उचलला जातो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात डेंटन नावाच्या संशोधकाने गोल चौकांच्या अलीकडे हे करून दाखवलं, आणि २००६ मध्ये शिकागोत तळ्याकाठच्या रस्त्यावर एका कुप्रसिद्ध वळणाआधी असेच पट्टे मारले. म्हणजे एका दृष्टिभ्रमावर दुसरा दृष्टिभ्रम. रोजच्या लोकांना त्याची सवय होते म्हणतात, आणि ते खरं असावं, पण रोजच्या माणसाला निदान वळण माहीत तरी असतं.

---

पाचवा_गिअर

माहीत असून काय होतं, धागा काढणाऱ्याला विचारा 😄

---

तिरकी_नजर

हो ना! काल परत गेलो त्या रस्त्याने. उताराच्या मध्यावरच काटा बघून ५५ वर आणली आणि तशीच ठेवली. बाटली जागची हलली नाही. पण सांगायची गोष्ट अशी की वळण मला अजूनही तसंच ऐसपैस दिसतं. १३६ मीटर तोंडपाठ आहे, कागदाचा प्रयोग केलाय, तीन चंद्र कळले, तरी वरून बघताना डोळा म्हणतो जाऊ दे ७० ने. म्हणजे हे कळल्याने सुधारत नाही, नुसतं काट्याचं ऐकायचं.

डांबर_खडी साहेब, ते बाणांचे बोर्ड बघून आलो. दोन आहेत. त्यातला एक झुडपात गेलाय, दुसरा कोणीतरी ठोकून वाकवलाय, तो आता आभाळाकडे बघतो.

---

डांबर_खडी

वाकवणारा तुमच्यासारखाच वरून ७० ने आलेला असणार. दिवसा एक आणि रात्री लाइट लावून एक असे दोन फोटो काढा, गाडीतून सीटवर बसल्या उंचीवरून, उभं राहून नको. वळणाआधी साधारण १०० मीटर आणि २०० मीटरवरून. रस्ता ज्यांच्याकडे आहे त्यांना अर्जासोबत जोडा आणि त्रिज्या पण लिहा. नुसतं "वळण धोकादायक आहे" असं लिहिलेले अर्ज खूप येतात.